लघाट्यांचा खडा

मुकुल लघाटेनं आयुष्यात स्वतः काही घडवलंय, असं त्याच्या सख्ख्या आईलाही छातीठोकपणे म्हणता आलं नसतं. शाळेत हस्तकलेच्या तासाला त्यानं मातीचा गणपती केला होता, तो बाईंनी प्रदर्शनात भाज्यांच्या टेबलावर मांडला. नोकरी वडिलांच्या जागी लागली. बायको आत्यानं ग्वाल्हेरहून शोधून आणली. घरातली एक फळी तेवढी त्यानं एकट्यानं भिंतीला ठोकली होती. ती पडली, आणि पडली तीही पलीकडच्या खोलीत.

म्हणून ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सर्जनसाहेबांनी डोळ्यांपुढे एक लहानशी बाटली धरून "देखिए लघाटेजी, यह आपने बनाया है," असं म्हटलं, तेव्हा मुकुलनं आधी मान वळवून मागे पाहिलं. मागे सलाइनचा स्टँड होता. त्यानं काही बनवलं असण्याची शक्यता कमी होती.

बाटलीत त्याच्या पित्ताशयातला खडा होता. आवळ्याएवढा. आणि नुसतं आवळ्याएवढा म्हणणं हा खड्यावर अन्याय होईल. मुरंब्याला निवडून घेतात तसल्या आवळ्याएवढा. रंग मधाचा, त्यावर गडद रेषा, एका अंगानं गुळगुळीत आणि दुसऱ्या अंगाला बारीक चकाकी.

"मी?" मुकुल म्हणाला.

"जी, आप."

"एकट्यानं?" हे त्यानं मराठीत विचारलं. मोठा प्रसंग आला की माणूस घरच्या भाषेत शिरतो.

सर्जनसाहेबांना मराठी येत नव्हती, पण प्रश्न कळला. "बरसों लगते हैं," ते म्हणाले. "मैंने बहुत निकाले हैं, लेकिन ऐसी फिनिशिंग..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं आणि बाटली उजेडाकडे धरून हळूच फिरवली. मुकुलच्या मनात आलं, आपण दफ्तरात बसत होतो, समोसे खात होतो, टीव्हीसमोर पेंगत होतो, आणि आत कुणीतरी न बोलता, न थकता, एक दिवसही रजा न घेता हे काम करत होतं.

खरं म्हणजे दुर्बिणीनं भागेल असं ठरलं होतं. पण खडा यायला जितका सावकाश आला होता, तितकाच जायला नाखूश होता. अर्ध्यातून डॉक्टर बाहेर आले आणि अनुयाला म्हणाले, पेट खोलना पड़ेगा, साइन कर दीजिए. अनुयानं सही केली. त्याबद्दल ती बरेच दिवस कुणाशी अवाक्षर बोलली नाही. पण त्या दिवसापासून नवऱ्याच्या पोटाकडे ती, दुसऱ्याची काचेची वस्तू सांभाळायला घेतलेलं माणूस बघतं, तशी बघू लागली.

घरी आल्यावर मुकुलला आतल्या खोलीत निजवण्यात आलं आणि खड्याला बैठकीत. मुकुलच्या आईनं, शकुंतलाबाईंनी, मधल्या टेबलावर आपल्या हातचा क्रोशाचा रुमाल अंथरला आणि त्यावर बाटली ठेवली. त्या रुमालावर आजवर फक्त दोन गोष्टी ठेवल्या गेल्या होत्या: मुकुलच्या मुंजीतली चांदीची वाटी आणि पहिला टेलिफोन.

झाशीतल्या लक्ष्मी ताल या तळ्याच्या बाजूची ती वस्ती तशी बघायला काही नसलेली. बातमी दुपारपर्यंत पोचली. पहिले आले शेजारचे चौबेजी. ते दारात चपला काढून आत आले, हे विशेष, कारण चौबेजी चपला स्वतःच्या घरीही काढत नसत. वाकून त्यांनी बाटलीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काए बहनजी," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले, "जो मोड़ा के पेट में हतो?"

"हौ, पोराच्याच पोटात," शकुंतलाबाई म्हणाल्या, "सगळाच्या सगळा."

चौबेजींनी हात जोडले. मुकुलला आत जाऊन भेटायचं ते विसरलेच. संध्याकाळी त्यांच्या सौभाग्यवती आल्या, त्यांनी बाटलीशेजारी झेंडूचं एक फूल ठेवलं. मग चौबेजींचे टहरौलीचे मेव्हणे खास बसनं आले. त्यांचीही पथरी निघाली होती, पण ती मोहरीएवढी. ते बाटलीसमोर बसले आणि आपल्या मोहरीबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत.

आतल्या खोलीत मुकुल छताकडे बघत पडला होता. बाहेरून "अरे बाप रे", "हे भगवान" असे आवाज येत. त्याच्याकडे येत होतं ते फक्त मुगाच्या डाळीचं कढण. डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली होती. बादली उचलायची नाही, स्कूटरला हात लावायचा नाही, खोकला किंवा शिंक आली तर पोटाशी उशी दाबून मगच शिंकायचं. आणि हसायचं नाही. हसलं की टाके ओढले जात. ही अट मुकुलला सर्वांत सोपी वाटली होती.

पण खरी चिंता वेगळीच होती. ती समजायची तर मुकुलची खुर्ची समजायला हवी.

मुकुल एका सरकारी कचेरीच्या नक्कल विभागात होता. जुन्या जमिनींच्या कागदांच्या नकला काढून, शिक्का मारून लोकांना द्यायच्या, हे काम. विभागात खुर्च्या पुष्कळ, कूलर एक. त्या कूलरचा झोत बरोबर एका खुर्चीवर पडे. बाकीच्यांच्या वाट्याला त्याचा आवाज येई. झाशीत नौतपा सुरू झाला, मे अखेरीचे ते भट्टीचे दिवस आले, की त्या खुर्चीत बसलेला माणूस आणि इतर माणसं यांच्यात जो फरक पडे, तो पगारात, हुद्द्यात किंवा जातीतही पडत नसे. कितीतरी उन्हाळे खिडकीकडे भाजून निघाल्यावर, आधीचे बाबू निवृत्त झाले तेव्हा, गेल्या वर्षी ती खुर्ची मुकुलला मिळाली होती. मुकुलनं त्या दिवशी घरी पेढे आणले होते. अनुयानं विचारलं, प्रमोशन? तो म्हणाला, त्याच्याहून वर.

आता नौतपा तोंडावर आला होता, खुर्ची रिकामी होती आणि खिडकीशी त्रिपाठीजी बसत होते. त्रिपाठीजींना घाम फार.

"अगं, मी सोमवारी जाऊन नुसता बसून येऊ का?" मुकुलनं विचारलं.

अनुया सासूबाईंसमोर त्याला 'अहो' म्हणे आणि रागावली की 'मुकुल'. ती म्हणाली, "मुकुल."

विषय संपला. म्हणजे संपला असता, जर त्या दुपारी मुकुलचा मोबाइल बैठकीत चार्जिंगला लावलेला नसता.

शकुंतलाबाईंचा जन्म झाशीतला, सगळं आयुष्य झाशीत गेलेलं, आणि हिंदी त्या फर्डी बोलत. फक्त काही शब्द त्यांनी घरचे म्हणून राखून ठेवले होते, सणाच्या ताट-वाट्या राखतात तसे. फोन वाजला तेव्हा त्या खड्याची बाटली मऊ फडक्यानं पुसत होत्या.

"माताजी, सक्सेना बोल रहा हूँ, दफ़्तर से." सक्सेनाजी म्हणजे विभागाचे प्रभारी, मुकुलचे साहेब. "लघाटेजी कैसे हैं?"

"सो रहे हैं भैया. पर खडा है ना, बहुत बड़ा खडा है."

"सो रहे हैं... कि खड़े हैं?"

"दोनों. वो अंदर सो रहा है. खडा बैठक में है."

"बैठक में खड़ा है?"

"हौ. टेबल पर."

"टेबल पर!"

"फिर कहाँ रखते? नीचे बिल्ली आती है."

सक्सेनाजी हे नियमानं चालणारे गृहस्थ. त्यांनी घसा साफ केला. "कब से खड़ा है, माताजी?"

"डॉक्टर बोले बरसों से. हममें से किसी को पता ही नहीं चला. अब तो लोग देखने आते हैं भैया. टहरौली से आए थे, हाथ जोड़ के गए. मेरा तो रोज पोंछने में ही टाइम जाता है."

"प्रणाम माताजी," सक्सेनाजी म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मुकुलला हे कळलं ते दुसऱ्या दिवशी, विभागातल्या शारदा बहनजींच्या फोनवरून. शारदा बहनजी टायपिंगला होत्या आणि मुकुलला धाकटा भाऊ मानत. त्यांचा आवाज दबलेला होता, देवळात बोलावं तसा.

"भैया, एक बात पूछूँ? बुरा मत मानना. यह सच है कि आप टेबल पर खड़े-खड़े सोते हैं?"

मुकुलनं उशी पोटाशी घेतली.

कचेरीत सक्सेनाजींनी सांगितलं होतं एवढंच, की लघाटे उभे राहिले. चहाच्या टपरीपर्यंत जाताना ते टेबलावर उभे राहिले. जेवणाच्या सुट्टीत ते टेबलावर उभ्यानं झोपत होते, आणि ही सिद्धी त्यांना बऱ्याच वर्षांपासून होती, पण त्यांनी ती कुणाला कळू दिली नव्हती. दफ्तर सुटेतो टहरौलीहून लोक दर्शनाला येत होते आणि त्यांची आई त्यांना रोज पुसून काढत होती. विभागातल्या निम्म्या लोकांनी मान डोलावून सांगितलं की हे आम्हाला त्यांच्या काम करण्याच्या पद्धतीवरून आधीच वाटलं होतं. उरला प्रश्न त्रिपाठीजींचा. ते म्हणाले, ठीक आहे, चमत्कार आहे, मी नमस्कार करतो. पण जो माणूस टेबलावर उभा राहू शकतो तो खुर्चीवर का बसू शकत नाही? आणि ज्याला उभ्यानं झोप येते, त्याला खुर्ची हवी कशाला?

सक्सेनाजींनी ठरवलं: लघाटे सोमवारी हजर झाले तर खुर्ची त्यांची; नाही तर त्रिपाठींची.

"आई!" मुकुल आतून शक्य तितक्या मोठ्यानं, म्हणजे कुजबुजत ओरडला. "पथरी म्हणायचं ना! हिंदीत पथरी म्हणतात!"

शकुंतलाबाई दारात आल्या. त्या दुखावल्या होत्या. "पथरी? पथरी त्या चौबेंच्या मेव्हण्याची. मोहरीएवढी. तुझा खडा आहे मुकुल, खडा. मी आपल्या मुलाचं काय म्हणून कमी करून सांगू?"

मुकुलनं सरळ साहेबांना फोन लावला.

"सर, कुछ ग़लतफ़हमी हुई है. मैं खड़ा नहीं हूँ. वह खडा है."

"वह कौन?"

"खडा, सर."

"हाँ, तो कौन खड़ा है?"

"सर, खड़ा वाला खड़ा नहीं. खडा वाला खडा."

सक्सेनाजी अगदी मायेनं म्हणाले, "लघाटेजी, आप बैठ जाइए. बहुत देर खड़े रहने से ऐसा होता है. सोमवार को मिलते हैं."

पुढचे दिवस सल्ल्यांचे गेले. विद्याधरकाका आले. मुकुलच्या वडिलांचे हे मावसभाऊ छावणीत लेखनिक म्हणून निवृत्त झाले होते. बंदूक त्यांनी कधी हातात धरली नव्हती, पण बोलताना ते खांदे अशा बेतानं मागे ओढत की ऐकणारा आपोआप सावधान होई.

"रजा?" काका म्हणाले. "छावणीत आमच्या कर्नलसाहेबांचं अपेंडिक्स काढलं. टाके घालताना डॉक्टरला सुईत दोरा ओवता येईना. साहेबांनी पडल्या पडल्या ओवून दिला. संध्याकाळी परेडला हजर. तू सोमवारी जायचं. माझी गाडी आहे."

चौबेजींचं म्हणणं उलटं. ज्याच्या अंगातून अशी वस्तू निघाली त्यानं इतक्यात रस्त्यावर फिरू नये, दृष्ट लागते. त्याला की खड्याला, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही. वर ते म्हणाले की खड्यासमोर एक चिठ्ठी 'जाऊ' आणि एक 'नको' अशी ठेवून बघा. शकुंतलाबाईंना हे पटलं. चिठ्ठ्या ठेवल्या. पंख्यानं दोन्ही उडाल्या. चौबेजी म्हणाले, "देखो, वो भी सोच रओ है."

रविवारी मुकुलनं रंगीत तालीम घ्यायची ठरवली. पहिला अडथळा पँटचा आला. तिचं बटण जिथं लागत होतं, तिथं आता सर्जनसाहेबांची शिवण होती. शेवटी वडिलांच्या एका जुन्या लेंग्यावर शर्ट चढवून तो जेवणाच्या खुर्चीत बसला. अनुयाला सक्सेनाजी व्हायला सांगितलं. तिनं नकार दिला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली, त्यामुळे ती हुबेहूब सक्सेनाजी झाली. विद्याधरकाका अर्जदार झाले. त्यांनी टेबलावर हात आपटून अशा काही जोरात "हमारी नक़ल कब मिलेगी?" विचारलं, की मुकुलनं सवयीनं "कल आइए" म्हटलं आणि त्याला वाटलं, जमतंय! आपण बरे झालोय!

तेवढ्यात आतून मिरचीच्या फोडणीचा खाट आला.

शिंक यायला लागली तेव्हा उशी दुसऱ्या खोलीत होती. मुकुलनं काकांचा हात ओढून पोटाशी दाबला. शिंक आली. काका त्या धक्क्यानं खुर्चीवरून सरकले, आणि मुकुलच्या डोळ्यांपुढे जे चमकलं ते वर्णन करता येणार नाही. त्यातलं एक दृश्य मातीच्या गणपतीचं होतं.

अनुया झारा हातात घेऊनच बाहेर आली. समोर बसली.

"डॉक्टर बाहेर आले ना, तेव्हा त्यांच्या हातमोज्यावर रक्त होतं," ती म्हणाली. "तुझं. ते म्हणाले, सही करा. माझं पेन चालेना. तिथल्या वॉचमनचं घेतलं. मला नाव लिहायला येईना, मुकुल. अनुया. तीन अक्षरं. आणि तू मला कूलर सांगतोस."

काकांनी खांदे खाली सोडले. आपण बेशुद्ध असताना एवढं सगळं झालं आणि बाकी सगळे जण जागे होते, हे मुकुलच्या पहिल्यांदाच ध्यानात येत होतं.

"मी नुसता जाऊन सांगून येतो," तो शेवटी म्हणाला. "फोनवर कुणाला कळत नाही गं. खडा दाखवतो आणि येतो. बसणार नाही."

"मी येणार," अनुया म्हणाली.

सोमवारी वरात निघाली. विद्याधरकाका गाडी चालवत होते, शेजारी मुकुल, एका हातात पोटाशी धरलेली उशी, दुसऱ्या हातात बाटली, मागे अनुया. उशीच्या अभ्र्यावर शकुंतलाबाईंनी 'शुभ रात्री' भरलेलं होतं. धक्का बसू नये म्हणून काकांनी गाडी इतकी हळू घेतली की एक भाजीवाला बरोबरीनं चालत राहिला आणि चालता चालता त्यानं अनुयाला भेंडी विकली. पुढं एका लग्नातून मोकळा झालेला घोडा त्यांना मागे टाकून गेला. प्रत्येक गतिरोधकाआधी काका गाडी थांबवत, खाली उतरून तो नीट बघत आणि परत येऊन सांगत, "मध्यम आहे." मागची वाहनं भोंगे वाजवत आली की अनुया काच खाली करून म्हणे, "टाँके हैं, भैया!" आणि आश्चर्य म्हणजे ती वाहनं गप्प होत.

नक्कल विभागाच्या दारात मुकुल उभा राहिला तेव्हा आतल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या. लेंगा, शर्ट, उशी आणि हातात बाटली. ज्याच्या सिद्धीची चर्चा झाली होती तो माणूस असाच दिसेल, असं प्रत्येकाला वाटलं. दोघेजण उठून उभे राहिले. एकानं, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं, जवळचं टेबल रिकामं करून ठेवलं.

मुकुलच्या खुर्चीत त्रिपाठीजी होते. कूलरच्या झोतात त्यांचे उरलेले केस तरंगत होते आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं की दुसरा कुणी असता तर मुकुलला त्याचं कौतुकच वाटलं असतं.

"वाह, लघाटेजी," त्रिपाठीजी म्हणाले. "खड़े हैं?"

मुकुल सावकाश पुढे गेला आणि बाटली टेबलावर ठेवली. "यह," तो म्हणाला, "खडा है. मराठी में पथरी को खडा कहते हैं. यह मेरे पेट में था. पेट काटकर निकाला है. मैं किसी टेबल पर नहीं खड़ा था. यह था."

शारदा बहनजी पुढं आल्या, वाकल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. त्यांच्यामागून सगळा विभाग आला. नक्कल घ्यायला आलेले लोक खिडकीतून माना आत घालू लागले. ज्यांना लघाटे टेबलावर उभे असलेले बघायचे होते, ते निराश होतील अशी मुकुलला भीती होती. पण कुणीच निराश झालं नव्हतं. उभ्यानं झोपणारा माणूस शेवटी माणूसच. हे काही वेगळंच होतं. त्रिपाठीजींनी मान पुढे करून पाहिलं आणि ते, त्यांच्या स्वतःच्याही नकळत, खुर्चीतून उठून उभे राहिले.

खुर्ची रिकामी झाली. झोत मोकळा झाला आणि वाळ्याचा थंडगार वास सरळ मुकुलच्या तोंडावर आला.

इथं माणसाची परीक्षा असते. मुकुल बसला.

हे स्वर्गसुख किती वेळ टिकलं हे सांगता येत नाही. डोळे मिटले होते. कुणीतरी म्हणत होतं, "अब आ ही गए हैं तो दो नक़लें निपटा दीजिए." मुकुलनं फाइल घ्यायला हात पुढं केला. हात गेला, पोट गेलं नाही. मग त्यानं उठून पाहिलं. उठता येईना. दोन्ही हात टेकून पाहिलं, तरी येईना. नक्कल विभागात खुर्चीवरून उठता न येणारे बाबू पुष्कळ होऊन गेले, पण उठायची इच्छा असलेला हा पहिलाच. शेवटी एका बाजूनं शारदा बहनजी आणि दुसऱ्या बाजूनं अनुया, असं त्याला उठवण्यात आलं. अनुयाच्या हातानं त्याचा दंड घट्ट धरला होता. त्याच हाताला त्या दिवशी नाव लिहिता येईना, ते मुकुलला आठवलं.

"मैं घर जा रहा हूँ," तो म्हणाला.

"और कुर्सी?" त्रिपाठीजींनी तत्परतेनं विचारलं.

तेवढ्यात आतल्या केबिनमधून सक्सेनाजी बाहेर आले. गर्दी बाजूला झाली. त्यांनी बाटली पाहिली, चष्मा काढून पाहिली, लावून पाहिली. मग त्यांचा उजवा हात हळूहळू स्वतःच्या बरगड्यांखाली, उजव्या बाजूला गेला.

"लघाटेजी, दर्द कहाँ होता था?"

"यहीं, सर. जहाँ आपका हाथ है."

"खाने के बाद?"

"जी."

"समोसे के बाद ज़्यादा?"

"जी, सर."

सक्सेनाजींचा चेहरा कूलरच्या जाळीसारखा ओला झाला. "डॉक्टर ने जितना कहा है उतना आराम कीजिए," ते म्हणाले. "आपकी कुर्सी को कोई हाथ नहीं लगाएगा." आणि त्यांनी त्रिपाठीजींकडे असं पाहिलं, की त्रिपाठीजी आपण होऊन खिडकीकडे गेले.

तरीही साहेबांची पाठ वळल्यावर काय होतं हे मुकुलला ठाऊक होतं. त्यानं पोटाशी धरलेली उशी खुर्चीवर ठेवली, 'शुभ रात्री' वर येईल अशी, आणि तिच्यावर बाटली ठेवली. खडा कूलरच्या झोतात मधासारखा चमकला. "हा बसेल," तो अनुयाला म्हणाला, "माझ्यातलाच आहे."

अनुया हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. आणि मग मुकुललाही हसू आलं, आणि उशी नव्हती, म्हणून तिनं दोन्ही हात त्याच्या पोटाशी दाबून धरले. सगळ्या नक्कल विभागासमोर.

त्यानंतर मुकुल खरोखर झोपला. नौतपा आला, बाहेर रस्त्यांवरचं डांबर मऊ झालं, चौबेजी पुन्हा चपलांसकट आत येऊ लागले. अधूनमधून दफ्तरातून फोन येई, आणि तो शकुंतलाबाईच घेत.

"माताजी, लघाटेजी?"

"सो रहे हैं. और खडा?"

"बैठा है, माताजी."

"हौ," शकुंतलाबाई म्हणत. "बैठने दो."

डॉक्टरांनी 'आता जा' म्हटलं त्या दिवशी मुकुल पँट घालून, बटण लावून, एकटा गेला. नक्कल विभागात शिरला आणि थांबला. खुर्चीच्या पाठीला झेंडूची ताजी माळ होती. बाटलीचं झाकण पुसून लख्ख होतं. पुसणारे त्रिपाठीजी, हातात फडकं घेऊन, मान खाली घालून बाजूला उभे होते. खिडकीशी आलेला प्रत्येक अर्जदार आधी त्या खुर्चीकडे वळून हात जोडत होता आणि मग, पूर्वी कधी न दिसलेल्या सबुरीनं, रांगेत उभा राहत होता. कुणी ओरडत नव्हतं. कुणी टेबलावर हात आपटत नव्हतं. सक्सेनाजी रजेवर होते. त्यांचं ऑपरेशन झालं होतं. पण शारदा बहनजी हळूच म्हणाल्या, की त्यांची नुसती पथरी निघाली.

मुकुल आपल्या खुर्चीजवळ गेला. बाटली उचलायला त्यानं हात पुढे केला, तशी सगळ्या विभागानं श्वास रोखला. टहरौलीकडच्या एका म्हातारबाबांनी कपाळाला हात लावला. कूलरचा झोत खड्यावरून जात होता, माळेची पाकळी हलत होती. मुकुल बघत राहिला. आपण काही घडवलं नाही असं तो इतकी वर्षं समजत होता.

त्यानं हात मागे घेतला आणि खिडकीच्या बाजूला भिंतीशी उभा राहिला. घाम यायला लागला.

"भैया," शारदा बहनजी जवळ येऊन म्हणाल्या, "अभी-अभी तो ठीक हुए हो. कब तक खड़े रहोगे?"

मुकुलनं कपाळ पुसलं.

"जब तक खडा बैठा है," तो म्हणाला.